राजांच्या गाड्या पुरे झाल्या!

दरवर्षी थंडी पडली की विंटेज कार रॅलीचे फोटो सुरू होतात. चकाचक पॉलिश, पितळी दिवे, शेजारी फेटा बांधलेले मालक आणि खाली ठरलेली ओळ : 'अमुक संस्थानच्या महाराजांची गाडी'. ऑफिसात तो फोटो दिवसभरात चार ग्रुपांवर फिरून येतो. "काय थाट होता राव!" म्हणून सगळे पुन्हा कामाला लागतात. माझं मात्र डोकं फिरतं.

राग गाड्यांचा नाही. मेकॅनिकल शिकून आयटीत हमाली करणाऱ्या माणसाला (आमच्या बॅचमधले निम्मे तसेच :) ) जुन्या इंजिनाचा राग कसा येईल? राग आहे तो एका समजुतीचा. युद्धापूर्वी या देशात मोटारी होत्या त्या महाराजांच्याच, आणि दुर्मिळ गाडी शोधायची म्हणजे कुठल्यातरी राजवाड्याचं कुलूप उघडायचं, ही ती समजूत.

मी मूळचा चंद्रपूरचा. आमच्याकडे राजवाडे कमी, जंगल जास्त. माझं म्हणणं सरळ आहे. खऱ्या दुर्मिळ गाड्या अशा जंगलातल्या जिल्ह्यांत आहेत. त्या शोधायची आपली पद्धत चुकीची आहे. आणि त्या पद्धतीने आपण उरल्यासुरल्याही संपवतो आहोत.

आधी एक योगायोग सांगतो. १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात ड्यूसेनबर्ग कंपनीने आपलं 'मॉडेल जे' लोकांपुढे ठेवलं. अमेरिकेतली त्या काळची सगळ्यात महागडी, सगळ्यात दणकट गाडी. तीनच दिवसांनी, ४ डिसेंबरला, मुंबईत शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून भारतात जुळणी झालेली पहिली शेवरोले बाहेर पडली. मॉडेल 'नॅशनल', चार सिलिंडर, पस्तीस अश्वशक्ती. म्हणजे दोन्ही गाड्या एकाच आठवड्यातल्या.

आता पुढचा हिशोब बघा. मॉडेल जे १९३७ पर्यंत बनली, एकूण सुमारे ४८१. त्यातली सुपरचार्जरवाली एक गाडी इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी (दुसरे) घेतली. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली. गाडीत महाराज आहेत की महाराणी हे पोलिसांना कळावं म्हणून पुढे लाल आणि निळे दिवे होते. रंग कोणता, इंजिन क्रमांक काय, नंतर अमेरिकेत कोणाकडे गेली, सगळं छापलेलं आहे. एका गाडीवर पानंच्या पानं!

आणि शिवडीच्या शेवरोले? त्या हजारोंनी बनल्या. त्यातल्या आज किती शिल्लक आहेत? कोणाकडेच यादी नाही. विचारायचं तरी कोणाला? जनरल मोटर्सने १९५४ साली इथली जुळणी बंद केली. नव्वदच्या दशकात कंपनी परत आली आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादन थांबवून पुन्हा गेली. रोल्स-रॉइसच्या शॅसीची कार्डं इंग्लंडात क्लबने जपून ठेवली आहेत. शेवरोलेच्या नशिबात असं कार्ड कुठलं?

मग सांगा, दुर्मिळ कोणती? बुगाटी रॉयल सहाच उरल्या आहेत, पण सहाही कुठे आहेत ते जगाला माहीत आहे. बुगाटीच्याच अटलांटिक मॉडेलच्या चार गाड्या बनल्या. त्यातली काळी १९४० च्या सुमारास फ्रान्समध्ये गायब झाली आणि आजतागायत लोक तिच्यामागे आहेत. का? कारण तिचा शॅसी क्रमांक लिहून ठेवलेला आहे. हरवल्याची नोंद असते म्हणून शोध घेता येतो. ज्याची नोंदच नाही ते हरवलंय हे तरी कोणाला कळणार? आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. प्रायमरी की नाही, लॉग नाही, बॅकअप नाही. थोडक्यात, ती सिस्टीम कधी चाललीच नव्हती असं कोणीही म्हणू शकतं!

आता चंद्रपूर-गडचिरोलीच का? दोन महायुद्धांच्या मधल्या काळात भारतात अमेरिकन गाड्यांची चलती होती, आणि त्याचं कारण शुद्ध इंजिनीअरिंगचं आहे. इंग्लंडात मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावरून ठरायचा, म्हणून इंग्रज कंपन्या अरुंद सिलिंडरची छोटी इंजिनं बनवत. अमेरिकेत तसली भानगड नव्हती. मोठं इंजिन, खालच्या वेगातही भरपूर ओढ, जमिनीपासून उंच ढाचा आणि किंमत कमी. चांगल्या रस्त्यावर ऑस्टिन ठीक, पण चांद्याहून आलापल्लीकडे जायचं तर शेवरोले किंवा फोर्डच. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी या नद्यांच्या मधला हा मुलूख. पावसाळ्यात रस्ता बंद, उन्हाळ्यात पात्रातल्या रेतीतून गाडी. सिरोंच्याला गोदावरीवर पूल व्हायला एकविसावं शतक उजाडलं, यावरून काय ते समजा.

या मुलखात मोटार म्हणजे मिरवायची वस्तू नव्हती. साग, बांबू, तेंदूपत्ता, कंत्राटदार, रेंजर, डॉक्टर, सगळं तिच्यावर. म्हणून तिच्यावर कामंही तशीच झाली. टूरिंग बॉडीचा मागचा भाग कापून लाकडी हौदा बसवायचा. युद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा मागे लोखंडी भट्टी जोडून लोणारी कोळशाच्या गॅसवर इंजिन चालवायचं. ताकद निदान एक तृतीयांश कमी, सकाळी भट्टी पेटवून धग धरेपर्यंत थांबायचं, पण गाडी चालायची. आणि त्या काळच्या शेवरोलेचा सांगाडा लाकडी, वरून पत्रा. तो कुजला की इथला सुतार नवा करणार, आणि तो सागाचाच करणार. दुसरा कशाचा करणार?

माझ्या मते असल्या गाडीत आपल्या जिल्ह्याचा अख्खा इतिहास आहे. आणि नेमका तोच आपण पुसतो.

गेल्या दोन दिवाळ्यांना मी सुट्टी जोडून मूल, सिंदेवाही, नागभीड, आलापल्ली, अहेरी असा फिरलो. 'जुनी मोटार' म्हटलं की प्रत्येक जण एकच उत्तर देतो : "अहेरीच्या राजांकडे विचारा ना!" अहेरी ही चांदा जिल्ह्यातली सगळ्यात मोठी जमीनदारी होती, त्यामुळे लोकांचं बोट तिकडेच जातं. पण मला जे दिसलं ते राजवाड्यात नव्हतं. एका वाडीत डनलॉपच्या बैलगाडीखाली जुन्या मोटारीचा आस होता. एका बंद पडलेल्या आरा गिरणीत विटांच्या चौथऱ्यावर बसवलेलं चार सिलिंडरचं इंजिन होतं, ब्लॉकवरची अक्षरं अजून वाचता येत होती. मी मोबाईलचा टॉर्च मारून क्रमांक उतरवत होतो तर मालक काकाजी म्हणाले, "कायले डोळे फोडता बाबू, भंगारवाला येते उद्या." त्यांचं काही चुकत नाही. किलोचा भाव त्यांना माहीत आहे, दुसरा भाव त्यांना कोणी सांगितलाच नाही.

कागदांचं तर विचारूच नका. नोंदणीचा कायदा १९१४ चा, मग १९३९ चा, मग १९८८ चा. दरम्यान गाडी जागची न हलता तिचा पत्ता बदलत गेला. आधी मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा. राजुऱ्याची गाडी असेल तर मूळ नोंद निजामाच्या हैदराबाद राज्यात! एका कार्यालयात जुन्या रजिस्टरांची चौकशी केली तर उत्तर मिळालं, "ते वाळवीनं खाल्लं जी केव्हाच." आणि हे सांगताना आवाजात जराही खेद नाही.

आता येतात शोधमोहीमवाले. मोठ्या शहरातला दलाल गावात येतो, घरमालकाला भंगारापेक्षा थोडे जास्त पैसे देतो, गाडी ट्रकवर चढवतो आणि जातो. तीन गाड्यांचे भाग मिळून एक गाडी होते. सागाचा सांगाडा 'ओरिजिनल नाही' म्हणून फेकला जातो, हौदा फेकला जातो, गॅसभट्टीच्या खुणा घासून काढल्या जातात. वर कारखान्यातही नव्हता इतका चकचकीत रंग. मग गोष्ट चिकटवली जाते : कुठल्यातरी छोट्या संस्थानच्या युवराजांची. लाकडाच्या कंत्राटदाराची गाडी म्हटलं तर भाव येत नाही ना! ज्या गावात ती ऐंशी वर्षं होती त्या गावाचं नाव कुठेच नाही. याला जतन म्हणायचं? डेटाबेस फॉरमॅट करून वर छान वॉलपेपर लावल्यासारखं आहे हे.

"पण त्यांनी नेली नसती तर ती भंगारातच गेली असती." हे उत्तर मी शंभरदा ऐकलंय, आणि ते अर्धं खरं आहे. हौशी लोकांनी पदरचे पैसे घालून अनेक गाड्या वाचवल्या, त्यांना माझा सलाम. पण वाचवणं आणि नवं करणं यात फरक आहे, आणि हे मी एकटा म्हणत नाही. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिने २०१२ साली ट्युरिन सनद मंजूर केली. तिचा गाभाच असा की आधी आहे ते राखा, वापराच्या खुणा हाही इतिहास आहे, आणि जे बदलाल ते लिहून ठेवा. लिहून ठेवायला काय लागतं? एक वही आणि चार फोटो.

सरकारचं बघायचं तर जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, पाटीवर 'व्हीए' अक्षरं. नियम आले हे चांगलंच झालं. पण अट वाचा : गाडी मूळ रूपात हवी, ढाचा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालणार नाही. म्हणजे कापून हौदा बसवलेली, कोळशावर चाललेली, सागाच्या सांगाड्याची गाडी या व्याख्येतच बसणार नाही. जी गाडी सगळ्यात जास्त जगली, तीच विंटेज नाही! आणि सिंदेवाहीचा शेतकरी गोठ्यातल्या गंजक्या ढाच्यासाठी वीस हजार भरणार आहे का? नोंदणी रस्त्यावर चालवायला लागते हे मान्य. पण निव्वळ 'ही वस्तू इथे आहे' एवढी फुकट नोंद करायची सोय का नको?

रेल्वेकडे बघा. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ ला बंद झाली. पण नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ पासून आहे. छोट्या इंजिनांचे वर्ग आणि क्रमांक कागदावर आहेत, कोणतं इंजिन कुठे ठेवलंय ते शोधता येतं. रेल्वे काही फार हळवी आहे म्हणून नव्हे, तिच्याकडे पहिल्या दिवसापासून यादी होती म्हणून. मोटारीचा मालक एकेकटा, म्हणून यादी नाही. हे काम कोणी करायचं मग? ज्यांना दिवसभर एक्सेलमध्ये ओळी भरायचा पगार मिळतो त्यांनी. म्हणजे आपणच, मंडळी!

म्हणून पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एवढंच करा. गोठ्यात, गिरणीत, विहिरीवर, बैलगाडीखाली जुन्या मोटारीचा तुकडा दिसला की इंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि ढाच्यावरच्या धातूच्या पट्टीवरचा मजकूर उतरवा. शेवरोलेच्या ओतीव भागांवर ओतकामाची तारीख सांकेतिक अक्षरांत असते, तिचाही फोटो घ्या. गाव, तालुका आणि गाडी कशासाठी वापरली जायची ते लिहा. मालकाने हो म्हटलं तरच त्याचं नाव लिहा, आणि ठिकाण दलालाला कळेल असं कुठेही टाकू नका. घासू नका, रंगवू नका, विकत घ्यायला धावू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, लोखंडाला नंतर. १९५० साली वीस वर्षांचा असलेला क्लीनर आज पंचाण्णवच्या घरात आहे. लोखंड अजून दहा वर्षं गंजत पडून राहील, ते आजोबा थांबणार नाहीत.

४ डिसेंबर २०२८ ला शिवडीच्या त्या पहिल्या गाडीला शंभर वर्षं होतील. त्या दिवशी भाषणं होतील, केक कापले जातील, फेटेही बांधले जातील. तेव्हा कोणी विचारलं, 'किती उरल्या?' तर निदान चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरता आपल्याकडे एक आकडा असावा. तो शून्य निघाला तरी चालेल, पण मोजून निघालेला असावा.