साबुदाणा : नाव माडाचे, पिष्ट कंदाचे

ज्वरमुक्त रुग्णास ‘साबुदाण्याची पेज द्या’ असे आपण सहज सांगतो. परंतु हा साबुदाणा कोणत्या वनस्पतीचा, याचा विचार वैद्यवर्गात क्वचितच होतो, असे आमचे निरीक्षण आहे.

मूळचा साबू म्हणजे मेट्रोझायलॉन सागू या तालवर्गीय वृक्षाच्या खोडातील पिष्ट. न्यू गिनी, मोलुक्का बेटे व सारवाक येथील पाणथळ भूमीत हा वृक्ष वाढतो. त्याचे खोड आयुष्यात एकदाच फुलते. त्या फुलोऱ्यासाठी साठलेले पिष्ट, फुलोऱ्यापूर्वीच खोड तोडून, आतील गर किसून व पाण्यात धुऊन काढतात. एका खोडातून सुमारे १५० ते ३०० किलो पिष्ट मिळते. पानांनी घरे शाकारतात. आपल्या कोकणातील भेरली माडाच्या खोडातही असे पिष्ट असते.

भारतीय बाजारातील साबुदाणा मात्र कसाव्याच्या कंदाचा. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडील आयात खंडित झाल्यावर, १९४३ च्या सुमारास, आजच्या तमिळनाडूतील सेलम येथे हा उद्योग उभा राहिला. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. त्याचे गुणकर्म बृहत्त्रयीत असणे संभवतच नाही.

रसायनदृष्ट्या दोन्ही पिष्टे ग्लुकोजच्या साखळ्यांची नैसर्गिक बहुवारिके होत. सरळ साखळीच्या अमायलोजचे प्रमाण साबूत सुमारे एक चतुर्थांश, कसाव्यात त्याहून कमी. त्यामुळे साबूची खळ थंड होताच घट्ट बसते, तर कसाव्याची चिकट राहते. वटीनिर्मितीत बंधक म्हणून वापरलेले पिष्ट बदलले, तर वटीचा कठीणपणा व विघटनकाल बदलू शकतो.

‘पिष्ट ते पिष्टच’ असे काही निर्माते म्हणतील. आम्हांस ते मान्य नाही. औषध नियमांतील नियम १६१ घटकद्रव्यांची सत्य सूची मागतो. केवळ ‘स्टार्च’ न लिहिता त्याचे वनस्पतिनाम लेबलावर द्यावे आणि पिष्ट बदलल्यास विघटन-परीक्षा पुन्हा करावी.

वैद्यांनीही पथ्य सांगताना विवेक करावा. पातळ पेज व दाण्याच्या कुटाची खिचडी यांत संस्काराने मोठा भेद पडतो. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. क्षीण रुग्णास केवळ त्यावर ठेवणे अयोग्य. प्रमेही रुग्णाच्या रक्तात त्याची शर्करा त्वरेने उतरते. लाजामंड, पेया, विलेपी ही शास्त्रोक्त पथ्ये घरोघरी सुलभ असता अपरिचित कंदास अग्रमान का द्यावा? द्रव्याची ओळख प्रथम, योजना नंतर, हा क्रम आपण सोडू नये.