खाडीपलीकडचे सरकार

उरण तालुक्यातील जासई गावच्या शेतकऱ्याला राज्ययंत्रणेची उतरंड पुस्तकातून शिकावी लागत नाही. जमिनीच्या एका नोंदीचा वाद निघाला की त्याने प्रथम तलाठ्याकडे जावे, मग उरणला तहसीलदारांकडे, तेथून पनवेलला प्रांतांकडे, पुढे पेण-वडखळच्या वाटेने अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि तेथेही दाद लागली नाही तर बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांपुढे अपील करावे. त्यानंतर उरते ते मुंबईचे मंत्रालय. या प्रवासात एस.टी.चे भाडे, वकिलाची फी आणि बुडालेली रोजी यांचा हिशेब कोणत्याही दप्तरात मांडला जात नाही.

या उतरंडीतील कोकण भवन हे ठिकाण विशेष विचार करण्याजोगे आहे. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सात जिल्ह्यांचा कारभार पाहणारे आयुक्त या इमारतीत बसतात. ज्या पदासाठी ती आहे त्या पदाचा इतिहास मोठा बोधक आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्याचे विभाग पाडले आणि प्रत्येकावर एक कमिशनर बसविला. सारा नीट वसूल होतो की नाही व कलेक्टर सरकारच्या मर्जीप्रमाणे वागतात की नाही, हे पाहणे त्याचे मुख्य काम. स्वातंत्र्यानंतर हे पद अनावश्यक ठरले व १९५० च्या कायद्याने ते रद्दही झाले. पण द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात येताच १९५७ च्या कायद्याने त्याचे पुनरुज्जीवन करण्यात आले. साहेब गेला, तरी साहेबाची खुर्ची अवघ्या सात-आठ वर्षांत माळ्यावरून खाली काढावी लागली! पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा मोठा गाजावाजा झाला. मात्र लोकांनी निवडलेल्या सरपंचाला पदावरून दूर करण्याचा अधिकार आज याच नियुक्त आयुक्तांच्या हाती आहे. निवडून आलेल्यांवर नेमलेल्यांचा वचक ठेवण्याची ही रीत कोणत्या लोकशाहीत बसते, याचे उत्तर सत्ताधाऱ्यांनी कधी दिलेले नाही.

कोकण भवन बेलापुरात का उभे राहिले, हा खरा प्रश्न आहे. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिआ, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याची कल्पना मांडली, तिचा एक मुख्य आधार असा की, राज्य सरकारने स्वतः आपला मुक्काम तिकडे हलवावा. सरकार गेले की कचेऱ्या जातील, कचेऱ्यांमागोमाग माणसे जातील, आणि बेटावरील गर्दी ओसरेल. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर संपादनाची छाया पडली. सार्वजनिक हित हे त्या संपादनाचे समर्थन होते.

मग खाडीपलीकडे कोण गेले? मशीद बंदरचा कांदा-बटाटा बाजार वाशीला गेला आणि त्याच्यामागोमाग डोक्यावर ओझे वाहणारा माथाडी कामगार गेला. त्याला कोणी पर्याय विचारला नव्हता. मंत्री व सचिव मात्र जागचे हलले नाहीत. उलट त्याच काळात समुद्र हटवून मिळविलेल्या नरिमन पॉइंटच्या जमिनीवर नवे विधान भवन बांधले गेले व १९८१ च्या एप्रिलमध्ये त्याचे उद्घाटन झाले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला भीषण आग लागली. राजधानी हलविण्याचा जुना संकल्प आठवण्यास यापेक्षा उघड निमित्त कोणते हवे होते? पण इमारत तेथेच दुरुस्त करण्यात आली. आणि २०२३ साली सरकारी कार्यालयांना जागा अपुरी पडते म्हणून नरिमन पॉइंटचीच एअर इंडिया इमारत १,६०१ कोटी रुपयांना विकत घेण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्यांनी जमीन दिली ती राजधानीसाठी. बेलापूरला पोचली ती राजधानीची एक शाखा कचेरी. रत्नागिरी-सिंधुदुर्गहून येणाऱ्या माणसाला मुंबईच्या गर्दीत शिरावे लागत नाही, एवढी सोय तिने केली हे मान्य करावयास हवे. महापूर किंवा दरड कोसळण्याच्या प्रसंगी अनेक जिल्ह्यांच्या मदतकार्याचा मेळ घालणारा कोणी अधिकारी असावा, हेही खरे. परंतु तेवढ्यासाठी ९५ गावे उठविण्याचे कारण नव्हते.

जासईने या व्यवहाराची किंमत रक्ताने मोजली आहे. दि. बा. पाटील या जासईच्याच सुपुत्राच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी योग्य मोबदल्यासाठी लढा उभारला, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळच्या दास्तान फाट्यावर व नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. ते शासननिर्णयाच्या स्वरूपात यायला मात्र १९९० उजाडले. आणि त्या साडेबारातूनही सामाजिक सुविधांच्या नावाखाली पावणेचार टक्के कापून घेण्यात आले. हातात राहिले पावणेनऊ.

पिढी वाढली, कुटुंबे विभागली, गावठाणाची हद्द मात्र वाढली नाही. म्हणून शेतकऱ्याच्या मुलाने गरजेपोटी आपल्याच पूर्वजांच्या जमिनीवर घर बांधले, आणि कागदोपत्री तो अतिक्रमणदार ठरला! ही घरे नियमित करण्याचे निर्णय वेगवेगळ्या सरकारांनी वेळोवेळी जाहीर केले, २०२२ सालीही केले. त्याची अंमलबजावणी कोण करणार, असे विचारीत हा शेतकरी कोकण भवनात गेला, तर हा विषय सिडकोचा असल्याचे त्याला सांगितले जाईल. सिडको भवनही बेलापुरातच आहे. तेथे गेल्यावर धोरण नगरविकास विभाग ठरवितो असे कळते, आणि तो विभाग आहे मंत्रालयात. महसुलाच्या नोंदीवर अपील ऐकणाऱ्या आयुक्तांच्या हाती त्या जमिनीच्या भवितव्याचा अधिकार नाही. जनतेला हे पुरते ठाऊक आहे. म्हणूनच २४ जून २०२१ रोजी विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे या मागणीसाठी हजारो भूमिपुत्र बेलापुरात उतरले, तेव्हा त्यांचा मोर्चा वळला तो सिडको भवनाकडे. प्रदेशाच्या प्रमुख प्रशासकीय इमारतीवर मोर्चा नेण्याची गरज लोकांना वाटत नाही, हा त्या इमारतीच्या निरुपयोगाचा यापेक्षा बोलका दाखला मिळणार नाही.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी चौखंबा राज्याची मांडणी केली, तीत गाव, जिल्हा, प्रांत व केंद्र असे चार खांब होते. कलेक्टरचे पदच नको, असे त्यांचे मत होते. जिल्हा आणि प्रांत यांच्यामध्ये नियुक्त अधिकाऱ्याचा आणखी एक मजला चढविण्याला त्या मांडणीत जागा नाही. पण आज तो मजला चढलेला आहे, आणि तो पाडण्याची इच्छा कोणत्याही सत्ताधारी पक्षाला नाही. तेव्हा निदान त्याच्याकडून काम तरी करून घ्यावे.

अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याचे एक टोक मुंबईत शिवडीला आहे आणि दुसरे जासईच्या शेजारच्या चिर्ले गावात. सुमारे बावीस किलोमीटरचा हा पूल ओलांडून मंत्र्यांची मोटार आता थोड्या वेळात दास्तान फाट्याच्या परिसरात पोचू शकते. अंतराची सबब संपली आहे. मग साडेबारा टक्क्यांची उरलेली प्रकरणे आणि गावठाणालगतच्या घरांची प्रकरणे निकालात काढण्याचे पूर्ण अधिकार सिडको, महसूल व नगरविकास या तिन्ही खात्यांच्या वतीने कोकण भवनातील एकाच अधिकाऱ्याकडे सोपवावेत. त्याने ग्रामसभेची लेखी नोटीस काढून जासई, चिर्ले, धुतूम अशा गावांत येऊन सुनावणी घ्यावी, आणि निर्णयाची मुदत आधी जाहीर करावी. शेतकऱ्याने कचेऱ्यांची पायपीट चार दशके केली. आता दप्तराने गावात यावे. पक्षाच्या पनवेल-उरण भागातील कार्यकर्त्यांनी गावोगावच्या प्रलंबित प्रकरणांच्या याद्या ग्रामसभेत वाचून दाखवून, ठराव करून त्या आयुक्तांना सादर कराव्यात, आणि त्यांची पोच घेतल्याखेरीज कोकण भवनाची पायरी उतरू नये.