माझी मुंज आणि ताईची चटई

परवा हापिसातल्या मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला. तिच्या मुलीची बात मिट्झवा. मैत्रीण ठाण्याची, बेने इस्राएल. (कोकणातले आपले ज्यू हो! तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली'. आडनावं पेणकर, रोहेकर अशी. हिची मराठी माझ्यापेक्षा बरी आहे.)

ज्यू मुलगी 12 वर्षांची झाली की आपल्या वागण्याला आपणच जबाबदार. मुलगा 13 व्या वर्षी. मुलाचा सोहळा शतकानुशतकं चालत आलाय, मुलीचा मात्र अलीकडचा. 18 मार्च 1922 ला न्यूयॉर्कमध्ये रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांच्या जुडिथने सगळ्यांसमोर तोरातला उतारा वाचला, तोही मूळ गुंडाळीतून नव्हे, छापील पुस्तकातून, जरा लांब उभं राहून. 1925 मध्ये मुंबईत उदारमतवादी ज्यूंची संस्था काढली तीही एका बेने इस्राएल बाईने, डॉ. जेरुशा झिराड यांनी. पुढे त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या.

व्हिडिओत ती पोरगी निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत बोलली. मध्येच अडली. समोरून आजीने शब्द सुचवला तर म्हणते, "थांब गं, मला येतंय!" मी हे तीनदा पाहिलं.

आता माझी मुंज. सक्करदऱ्यात, मी 8 वर्षांचा. दारात बँड, गोटा केलेलं डोकं, भिक्षावळीत चॉकलेटं. गुरुजी म्हणाले तसं मी म्हटलं. शुद्ध कॉपी-पेस्ट. अर्थ आजही सांगता यायचा नाही. आणि अल्बममध्ये ताई कुठेच नाही. ती 16 ची होती, नेमकी 'अडचण' आलेली, म्हणून दिवसभर शेजारच्या काकूंकडे चटईवर बसवलेली. मी मोठा झालो याचा मांडव पडला. ती मोठी झाली म्हणून तिला मांडवाबाहेर बसवलं. मला हे कळायला 20 वर्षं लागली, हे जास्त वाईट.

या दिवाळीत भाची 12 ची होतेय. आई म्हणते सोन्याचे कानातले करू. एक मित्र म्हणाला मुलींची मुंज कर, पुण्यात ज्ञान प्रबोधिनी करते. चांगलंच आहे. पण मला वाटतं, जानवं घातलं काय नि नाही घातलं काय, पोरीला महिना-दोन महिने तयारी करू द्या, मग सगळ्या नातेवाइकांसमोर उभं राहून स्वतःचं काही बोलू द्या. मध्ये कोणी सुचवायचं नाही.

आई म्हणाली, "दुसऱ्यांचं सोंग आपल्याकडे काहून?" मुद्दा बरोबर आहे. नाव नको घेऊ आपण. वाढदिवस म्हणू.

भाचीला विचारलं. तिने लगेच व्यवहार सुरू केला.

"मामा, मला पाहिजे ते बोलू?"

"बोल ना."

"आईच्या चटईबद्दल पण?"

ताई काहीच बोलली नाही. आई उठून चहा ठेवायला गेली. नाही मात्र म्हणाली नाही. चहा घेऊन आल्यावर विचारलं, "किती लोकांना सांगायचं मग?"