सोनेरी वाघीण

आत्याच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक वाघीण आहे. म्हणजे फोटो! २४ बाय ३६ इंच, कॅनव्हासवर छापलेला. मी काढलेला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आत्या "आमच्या भाच्याने काढलाय हो, ताडोबाला जाऊन" असं सांगते, आणि मी तिथे असलो की उगाच पंख्याकडे बघत बसतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाय, कौतुकही केलंय. आज त्या कौतुकाचा थोडा हिशेब द्यायचाय.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही मोहर्ली गेटवरून सहा सफाऱ्या केल्या. चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको. पण वाघ बघायचा तर उन्हाळाच, कारण जंगल वाळलेलं, पाणवठे मोजकेच राहिलेले, आणि वाघाला पाण्यावर यावंच लागतं. भाड्याची १००-४०० लेन्स, गाडीच्या दांडीवर ठेवायला घरी शिवलेली तांदळाची पिशवी, आणि डोक्यात एकच चित्र: कोवळं ऊन, धूळ, आणि त्यातून चालत येणारा वाघ.

हे कोवळं ऊन फार थोडा वेळ मिळतं. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाशाला हवेच्या जास्त जाड थरातून यावं लागतं, निळा रंग वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा पोचतो. वाघाचा रंग मुळात तसाच, त्यामुळे तो आतून दिवा लावल्यासारखा दिसतो. पण मे महिन्यात हा खेळ सकाळी तासाभरात आटपतो. आठ वाजले की ऊन पांढरं होतं, सावल्या काळ्याकुट्ट होतात आणि अनुभवी फोटोग्राफर कॅमेरे मांडीवर ठेवून डुलक्या काढायला लागतात.

आमची वाघीण सहाव्या सफारीला आली. वेळ पावणेदहा!

पाणवठ्यावरून उठून ती रस्ता ओलांडायला आली, तर रस्त्यावर जिप्सीच जिप्सी. ती थांबली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग दोन गाड्यांच्या मधून वाट काढून बांबूत शिरली. मी त्या मिनिटाभरात चाळीसेक फोटो काढले असतील.

घरी आल्यावर कॉम्प्युटरवर बघितलं तर सगळं फिकं. मागे दोन जिप्स्या, एकात गुलाबी टोपीवाल्या बाई उभ्या. मग बसलो. प्रथम टेंपरेचरची पट्टी जराशी उजवीकडे सरकवली. मग आणखी जराशी. (ही पट्टी म्हणजे चहातली साखर आहे, एकदा सवय लागली की कमी गोड चालत नाही.) मग जिप्स्या पुसल्या. मग वाटलं, वाघीण डावीकडून उजवीकडे चालली तर चित्र बरं दिसेल, म्हणून फोटो आडवा उलटवला. रात्री दीडपर्यंत पावणेदहाचे सव्वासहा झाले होते, आणि त्या जंगलात ती आणि मी असे दोघेच उरलो होतो.

मला तेव्हा काहीही वाटलं नाही. खरंच नाही. उलट अभिमान वाटला.

गेल्या दिवाळीत शुभेच्छांबरोबर हा फोटो मी आमच्या त्या वेळच्या गाईडला पाठवला. तो मोहर्लीजवळच्या गावातला, त्या दिवशी माझ्या पुढच्याच सीटवर बसलेला. त्याचं उत्तर आलं: "भारी आहे सर. पण हे कोन्ती वाघीण? आपल्याकडची नाही वाटून राहिली."

मी हसलो, आणि मग हसू थांबलं. वाघाचे पट्टे म्हणजे आपल्या बोटांचे ठसे. दोन वाघांचे सारखे नसतात, आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचेही सारखे नसतात. देशातले वाघ मोजतात ते कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतले हे पट्टे जुळवूनच. फोटो उलटवला की डावी कूस उजवी होते, आणि जगात नसलेला एक वाघ जन्माला येतो. ज्या माणसाने तिला बछडा असल्यापासून पाहिलंय त्याला ती ओळखता आली नाही. कशी येणार? ती तिथे नव्हतीच.

मी जुन्या हार्ड डिस्कवरून मूळ फोटो शोधून त्याला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर: "हां, हेच ते! मागची जिप्सी माझ्या भावाची आहे सर." आणि खाली आणखी एक ओळ: वर्षभरात ती कोणाला दिसलेली नाही, हा फोटो ठेवून घेतो.

म्हणजे मी नको असलेली गाडी म्हणून जी पुसली, ती त्याच्या भावाची होती. हे मला जास्त लागलं.

आता यावर माझे फोटोग्राफर मित्र म्हणतील, अरे, कॅमेरा तरी कुठे खरं सांगतो? मुद्दा बरोबर आहे. ऑटो व्हाइट बॅलन्स पुष्कळदा खऱ्या सोनेरी उन्हातला पिवळेपणाच काढून टाकतो, तेव्हा तो परत आणणं हे खोटं नव्हे, दुरुस्ती आहे. अँसेल अॅडम्ससुद्धा डार्करूममध्ये फोटोचा एक भाग उजळ, दुसरा गडद करत असे. मीही सावल्या थोड्या उघडतो, कडा कापतो, धुळीचा डाग काढतो. ते सोडणार नाही.

पण माझ्यापुरती एक रेघ मी आता ओढली आहे. डोळ्यांना जे दिसलं ते नीट दिसावं म्हणून केलेलं एडिटिंग ठीक. वेळ, जागा, गर्दी आणि प्राणी बदलणारं एडिटिंग नको. केलंच तर खाली लिहायचं. आणि मंडळी, प्रकाश लबाडी लपवू देत नाही! सोनेरी फोटोत सावली लांब पसरलेली हवी. ती पोटाखाली गोळा झालेली असेल तर ऊन डोक्यावरचं आहे. गालावरचे पांढरे केस नारिंगी झाले असतील तर पट्टी जास्त सरकली आहे. आत्याच्या हॉलमधला फोटो या दोन्ही परीक्षांत नापास आहे.

मोठमोठे लोक असेच पकडले गेलेत. तेर्ये हेलेसो हा २०१० साली स्वीडनमध्ये 'वर्षाचा निसर्ग छायाचित्रकार' ठरला होता. त्याच्या फोटोतल्या लिंक्सच्या अंगावर जुलै महिन्यात हिवाळ्यातली दाट लव होती! २०११ मध्ये त्याने कबूल केलं की लिंक्स दुसऱ्यांच्या फोटोतून उचलून चिकटवले होते. आता तर तेवढेही कष्ट नकोत, दोन वाक्यं लिहिली की यंत्र वाघ काढून देतं. म्हणून तर आपण उन्हात बसून काढलेला फोटो खरा असण्याला किंमत आहे, नाहीतर इतक्या लांब जायचंच कशाला?

पण सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. माझी भाची गेल्या वर्षी ताडोबाला जाऊन आली आणि म्हणाली, "मामा, वाघ दिसला, पण तुझ्यासारखा नाही. लांब होता, मळकट होता, आणि किती गाड्या!" तिने ड्रायव्हरला तीनदा गाडी पुढे घ्यायला सांगितलं होतं. का, तर मामाच्या फोटोत वाघ जवळ आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तो पाहून मीही तावातावाने बोललो होतो. पण माझ्या फोटोतल्या वाघिणीची वाटही अशीच अडली होती, आणि अडवणाऱ्यांत आमची गाडी होती. मी पुसल्या त्या नुसत्या जिप्स्या नव्हत्या, साक्षीदार होते.

असो. मागच्या रविवारी मूळ फोटो छापून घेऊन आत्याकडे गेलो. फिकं ऊन, दोन जिप्स्या, गुलाबी टोपी, आणि मधे गोंधळून उभी असलेली ती. सगळं सांगितलं. आत्याने चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"बिचारी, जायला जागा शोधतेय रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण हॉलमध्ये तोच राहू दे हं, सोफ्याला मॅच होतो."

नवा फोटो सध्या पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकच्या वर आहे. तिच्याकडे गेलात तर चप्पल काढताना जरा वर बघा.