मंद प्रकाशांतील छायाचित्रण

संमेलनाच्या रात्रीं रंगमंचावरील दिवे मंद झाले कीं प्रेक्षकांतून फ्लॅशचे लखलखाट सुरू होतात, आणि दुसऱ्या दिवशीं तक्रार ऐकूं येते : "चित्रें काळीं आलीं, भारी भिंग हवें होतें." ही तक्रार अर्धीच खरी आहे. पालकांनीं आपली थैली सोडण्यापूर्वीं तिचा थोडा विचार व्हावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

प्रथम फ्लॅशविषयीं. अंतर दुप्पट झालें कीं त्याचा प्रकाश चौथाईवर येतो, हें भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सांगणें नको. मागील बांकावरून पाडलेला प्रकाश नटांपर्यंत धड पोहोंचत नाहीं. पुढील रांगेंतील डोकीं मात्र उजळून निघतात. सबब संमेलनांत फ्लॅशला मज्जाव असावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

आतां भिंगाविषयीं. एफ-आंकडा जितका लहान, तितकें भिंगाचें छिद्र मोठें. कॅमेऱ्यासोबत मिळणारें झूम भिंग दूरचें दृश्य जवळ ओढतांना बहुधा एफ/५.६ पर्यंतच उघडतें. ५० मिलिमीटरचें एफ/१.८ भिंग त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आंत घेतें. त्यामुळें जेथें १/१५ सेकंद लागे तेथें १/१२५ सेकंद पुरतो, आणि नाचणाऱ्या मुलीचे हात पुसट होत नाहींत. हात स्थिर ठेवणारी यंत्रणा असलेलीं भिंगें छायाचित्रकाराचा कंप सांवरतात, नर्तकीची हालचाल नव्हे. हा भेद खरेदीच्या वेळीं अवश्य ध्यानांत असावा.

परंतु मोठ्या छिद्राची किंमत पैशांवांचूनही मोजावी लागते. डोळे स्पष्ट येतात तों कान अस्पष्ट होतात. स्टॅन्ली क्यूब्रिक यांनीं १९७५ सालच्या 'बॅरी लिंडन' चित्रपटांतील मेणबत्त्यांचे प्रसंग झाइसच्या एफ/०.७ भिंगानें टिपले. मुळांत तें भिंग नासासाठीं घडविलेलें. तरीही स्पष्टतेचा पट्टा इतका अरुंद, कीं नटांस जवळजवळ निश्चल बसावें लागे.

आयएसओचा आंकडा १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढविण्यास पुष्कळजण भितात, कारण चित्रांत कण दिसूं लागतात. माझ्या मतें ही भीति अनाठायीं आहे. कणीदार चित्र पाहतां येतें. हाललेलें चित्र मागाहून सुधारणें कठीण.

आणि विषय जर मुळांतच स्थिर असेल, उदाहरणार्थ रात्रींचा घांट किंवा पूल, तर महाग भिंगाची गरजच काय? तिपाई, आयएसओ १०० आणि कांहीं सेकंदांचा अवधि एवढ्यानें साध्या भिंगांतूनही सुरेख चित्र निघतें.

तात्पर्य, विद्यार्थिमित्रहो, हलत्या विषयास मोठें छिद्र आणि स्थिर विषयास तिपाई, हें आधीं शिका. रंगीत तालमीस कॅमेरा घेऊन या, आंकडे बदलून पाहा, वहींत टिपून ठेवा. इतकें करूनही उणीव भासली, तरच एफ/१.८ चें एखादें साधें भिंग वडिलांपाशीं मागावें. तेंही चौघांत मिळून वापरावें. डोळस अभ्यासावांचून घेतलेलें भिंग कपाटांतच शोभतें.