बख्तर एकाचे, हाडे दुसऱ्याची

आमच्या पेठचा घाट चढताना दिसणारा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. 'ज्युरासिक पार्क' पाहून आलेली पोरे हमखास विचारतात, "काका, आपल्या डोंगरात डायनासोर सापडेल का?" असल्या दगडात हाडे टिकत नाहीत. ती लाव्ह्याच्या थरांखालच्या, मधल्या गाळात शोधायची. त्यासाठी चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला, नाहीतर जबलपूरला जायचे.

जबलपूरची गोष्ट मी या पोरांना आवर्जून सांगतो. तिथल्या बडा शिमला टेकडीवर चार्ल्स मॅटली या इंग्रज भूशास्त्रज्ञाला कमरेची हाडे, नडगीचे हाड आणि कातडीत रुजणाऱ्या हाडांच्या ढाली मिळाल्या. सारे एकाच जनावराचे समजून १९२३ साली त्याने नाव ठेवले 'लॅमेटासॉरस इंडिकस', म्हणजे भारताचा बख्तरबंद डायनासोर! १९३५ साली डी. के. चक्रवर्ती यांनी त्या बख्तराविषयीच शंका काढली. पुढे उमगले, की कंबर व नडगी दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी जनावराची, आणि ढाली भलत्याच कुणाच्या; बहुधा लांब मानेच्या शाकाहारी टायटॅनोसॉरच्या. वाघाच्या पाठीवर कासवाची पाठ चढवली होती म्हणा ना!

मॅटलीला हसण्यात अर्थ नाही. अनेक जनावरांची हाडे एकत्र मिसळली, की असे व्हायचेच. राग येतो तो मुलांच्या गुळगुळीत पुस्तकांचा. त्यांत रंगीत चित्र असते, लांबलचक नाव असते. पण हे कळले कसे, कुणी तपासले, कुठे चुकले, यावर अक्षर नाही. मुलांना खरी गोडी त्यातच वाटते, हा माझा अनुभव आहे.

आणि प्रश्न केवळ पुस्तकांचा नाही. कुठले हाड कशाशेजारी पडले होते, यावरच सारा निवाडा असतो. पिसदुऱ्याला हाडांबरोबर दगड झालेले शेणही सापडते. त्यात गवताचे सूक्ष्म कण असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले आणि गवत डायनासोरांच्या नंतरचे, ही जुनी समजूत मोडली. तो गोटा कुणी शोकेसमध्ये ठेवायला उचलून नेला असता तर?

शाळेच्या सहली तिकडे नेणाऱ्या गुरुजींनी एवढे जरूर पाहावे: पोरांच्या खिशात काही येऊ देऊ नये. वेगळे काही दिसलेच, तर जागेवर ठेवून फोटो घ्यावा, शेताची खूण टिपावी आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवावे.