विंचवाचे बिऱ्हाड

मराठी मध्यमवर्गाला जुन्या वस्तूंचे वावडे कधीच नव्हते. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर चढे, वरच्या वर्गातली पुस्तके अर्ध्या किमतीत खालच्या वर्गात उतरत आणि आजीच्या लग्नातला तांब्याचा बंब तीन पिढ्यांना न्हाऊ घाली. तेव्हा दुसऱ्याने वापरलेली मोटार घेण्यात आपल्याला कसला संकोच? ‘जुनी मोटार घेतली’ म्हटले की शेजारी म्हणतात, “शहाणपणा केलात.” पण ‘जुनी स्पोर्ट्स मोटार घेतली’ असे सांगून पाहा. तेच शेजारी आवाज उतरवून विचारतात, “घरी सगळं ठीक आहे ना?”

याचे कारण ‘स्पोर्ट्स’ या शब्दात आहे. मोटार म्हणजे आईला दवाखान्यात नेणारी, गावाहून तांदळाची पोती आणणारी आणि लग्नाला सहा जणांना कोंबून नेणारी सोय. स्पोर्ट्स मोटार यातले काहीच नीट करीत नाही. ती फक्त चालवणाऱ्याला आनंद देते. आणि निव्वळ आनंदासाठी पैसे खर्च करणे हा आपल्याकडे अजून खुलासा मागणारा प्रकार आहे.

परदेशांत हा छंद श्रीमंतांपुरता राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात गेलेल्या अमेरिकन सैनिकांना तिथल्या एम.जी. कंपनीच्या चिमुकल्या, दोन माणसांच्या उघड्या मोटारींनी वेड लावले. १९८९ साली जपानच्या माझदा कंपनीने त्याच जातीची एमएक्स-५ काढली आणि २०१६ पर्यंत अशा दहा लाख मोटारी तयार झाल्या. इतक्या निघाल्या म्हणजे जुन्या बाजारातही आल्या, आणि साध्या पगाराच्या माणसाला परवडू लागल्या. आपल्याकडे ती वाट बंद. तीन वर्षांहून जुनी मोटार बाहेरून आणता येत नाही, आणि त्याहून नवी आणायची तर कर मोटारीच्या किमतीला मागे टाकतो. २००२ साली साक्षात सचिन तेंडुलकरांना भेट मिळालेल्या फेरारीचा आयातकर वर्तमानपत्रांत किती दिवस गाजला, ते आठवत असेल. जिथे सचिनची ही कथा, तिथे बदलापूरच्या माणसाने काय करावे?

त्याने घरच्या अंगणात बघावे. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, फायबरच्या अंगाची आणि रेनॉच्या लहान इंजिनावर पळणारी मोटार निघाली होती. ती आता दुर्मिळ. पण चाकणच्या कारखान्यातून २०१३ साली फोक्सवॅगनची ‘पोलो जीटी टीएसआय’ आली, आणि २०१५ साली पुण्याजवळच्या रांजणगावातून फियाटची ‘अबार्थ पुंटो’ आली. दिसायला दोन्ही घरंदाज. पाच दरवाजे, मागे आईवडिलांना बसायला जागा. पण अबार्थच्या नाकावर विंचू आहे. ही शाखा काढणारे कार्लो अबार्थ वृश्चिक राशीचे, म्हणून १९४९ पासून ते त्यांचे चिन्ह. साध्या पेट्रोल पुंटोची ताकद ६८ अश्वशक्ती. या विंचवाची १४५. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्याच नमुन्यावर घडलेली आपली प्रीमियर पद्मिनी चाळीसच्या आसपास अश्वशक्तीवर संसार ओढीत होती, आणि तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्या पद्मिनीचीच ही नात, पण घोडदौडीला निघालेली.

हे सारे ज्ञान मला व्याकरण शिकवता शिकवता झालेले नाही. ते माझ्या भाच्याने माझ्या गळी उतरवले. वय एकोणतीस, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, सहा वर्षे लोकलने जाऊन-येऊन साठवलेले पाच लाख रुपये, आणि डोक्यात विंचू. नवी असताना दहा लाखांच्या घरातली ही गाडी आता त्याच्या आवाक्यात आली होती. आमची आक्का आणि मेहुणे हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर राहत. आम्ही त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर.

हेंद्रेपाडा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीच्या कुशीत आमची वस्ती. उन्हाळ्यात नदी इतकी गरीब की पोरे पाण्यात उभी राहून क्रिकेट खेळतील. पण बदलापूरच्या पुलाशी पाणी साडेसतरा मीटरच्या धोक्याच्या रेषेला टेकले की ती घरात यायला आमंत्रणाची वाट पाहत नाही. २००५ चा जुलै झाला, २०१९ चा झाला, २०२१ चा झाला. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते सगळ्या देशाने पाहिले. त्याच पाण्यात आमच्या आक्काचा फ्रीज तरंगत होता, ते फक्त आम्ही पाहिले.

दर वेळी आक्का म्हणे, “आता वर कुठेतरी जागा बघू या.” दर वेळी मेहुणे म्हणत, “पाणी काय, येतं नि जातं.” म्हणून भाच्याने गाडीचे नाव काढले तेव्हा आक्का संतापली नाही, थकल्यासारखी बसली. “पाच लाखांत एखाद्या वरच्या जागेची अनामत होते, भाडं होतं. आणि हा पाण्यात बुडवायला मोटार आणतोय,” एवढेच ती मला म्हणाली. मला उत्तर सुचले नाही, कारण उत्तर नव्हतेच.

भाचा मात्र म्हणाला, “मामा, तुम्ही निदान गाडी बघायला तरी चला.” मी गेलो.

पहिली गाडी ठाणे शहरात, एका दलालाकडे. किंमत अपेक्षेपेक्षा सत्तर हजारांनी कमी आणि रंग आरशासारखा. मोटार मला कळत नाही, पण पुराचे पाणी कळते. दार उघडताच जो वास आला तो आमच्या तळमजल्यावर ऑगस्टभर असतो. भाच्याने आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. शेवटच्या वीतभर भागात गाळाची पिवळी रेघ होती. आसनाखालच्या पट्ट्या गंजलेल्या, पुढच्या दिव्याच्या काचेआड दमट धुके. दलाल म्हणाला, “साहेब, एसीचं पाणी आहे.” मी म्हटले, “एसीच्या पाण्यात गाळ नसतो हो.”

वाचकहो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मोठा पूर आला की विमा कंपन्या शेकडो गाड्या निकालात काढतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा किती मोटारी बुडाल्या असतील याची कल्पना करा. अशा गाड्या भंगाराच्या भावाने विकल्या जातात, आणि त्यांतल्या काही धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात उभ्या राहतात. सहा महिने ठणठणीत चालतात. मग वायरींच्या जोडांवर गंज चढतो आणि आज दिवा, उद्या हॉर्न, परवा इंजिनाचा मेंदू असे एकेक अवयव राजीनामे देऊ लागतात. म्हणून विक्रेत्याच्या शब्दापेक्षा विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागावा, आणि गालिचा उचलून खाली हात फिरवावा.

दुसरी गाडी पुण्यात, एका सद्गृहस्थाच्या घरी. किंमत घासाघीस करून चार लाख चाळीस हजार. त्यांनी पहिल्या सर्व्हिसपासूनच्या पावत्या एका फायलीत लावल्या होत्या. भाच्याने आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना ते पाहिले, मगच सुरू करायला सांगितले. कारण तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते. मागून निळा धूर निघाला नाही. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला त्याची पावती निघाली. हा पट्टा तुटला तर इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकतात आणि बिल लाखाकडे झेपावते. टर्बो म्हणजे धुराच्या झोताने फिरणारा पंखा. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा हा जीव तेलावर जगतो, म्हणून तेल वेळेवर बदलणारा मालक म्हणजे अर्धी गाडी. गृहस्थ म्हणाले, “जोरात पळवून आणलीत तर लगेच बंद करू नका. मिनिटभर उभी राहू द्या, तिलाही दम घेऊ द्या.” मुलीची पाठवणी करणाऱ्या बापाचा सूर होता तो.

मग कागदपत्रे. गाडी महाराष्ट्रातलीच, म्हणून एमएच १२ हा नंबर तसाच राहिला. परराज्यातली असती तर तिकडचा ना हरकत दाखला आणि इथला कर हे लचांड मागे लागले असते. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५, नाहीतर पैसे देऊनही गाडी बँकेची. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाची दावा न केल्याची सवलत त्याच्याकडेच राहते, ती गाडीबरोबर येत नाही. नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि पर्यावरण कर. आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: २०२० च्या सुमारास फियाटने इथे मोटारी विकणे थांबवले. बरेच सुटे भाग साध्या पुंटोचेच असल्याने मिळतात, पण खास विंचवाचे भाग शोधावे लागतात, वाट पाहावी लागते. गाडी किमतीपेक्षा स्वस्त मिळते ती याचमुळे. जेवढ्याला घेतली त्याच्या निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला नसेल, तर घेऊच नये. स्वस्त आहे ती खरेदी; पोसणे मूळ किमतीच्याच हिशेबाने चालते.

हे सारे आक्काला सांगितल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. “पाऊस आला की ती ठेवणार कुठे?”

प्रश्न अचूक होता. गाडी जमिनीलगत चालणारी, आणि पाणी इंजिनाच्या श्वासनळीत गेले की खेळ संपला. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना चावी फिरवली तर आतला लोखंडी दांडा वाकतो. साध्या विम्यात या नुकसानीची भरपाई बहुधा मिळत नाही. इंजिनासाठी जादा हप्ता भरून वेगळे कलम जोडावे लागते. पाण्यात उभी राहिलेली गाडी चुकूनही सुरू करू नये, ढकलत न्यावी.

आक्का म्हणाली, “घे. पण आधी तिच्यासाठी उंचावर जागा शोध. तुझ्या गाडीला जागा मिळते का ते मला बघायचंच आहे.”

भाचा बदलापूर पूर्वेला हिंडू लागला. आणि काय सांगू, बरोबर मेहुणेही हिंडू लागले! ‘पाणी येतं नि जातं’ म्हणणारा हा गृहस्थ प्रत्येक इमारतीच्या वॉचमनला विचारू लागला, “२०१९ ला इथे किती पाणी होतं?” पोराच्या सहा वर्षांच्या कमाईला पाणी लागू नये, ही काळजी त्यांना झोपू देईना. तीन पुरांत बायकोचा संसार भिजला तेव्हा जी झोप उडाली नव्हती, ती एका विंचवाने उडवली. शेवटी चढावरच्या एका इमारतीत छपराखालची जागा सापडली. पण ती भाडेकरूलाच मिळणार होती. दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर रिकामे होते. आक्काने मेहुण्यांकडे पाहिले. मेहुण्यांनी छताकडे पाहिले. गाडी दिल्यावर शिल्लक राहिलेल्यातून आणि मेहुण्यांच्या एका मुदतठेवीतून अनामत भरली गेली. गाडीच्या पहिल्या वर्षाचा तो पाचवा हिस्सा? त्याची सोय भाच्याने रविवारी शिकवण्या धरून केली आहे.

मे महिन्यात बिऱ्हाड हलले. जूनमध्ये पाऊस आला, तेव्हा आक्का बारा वर्षांनी पहिल्यांदा रात्री नदीची बातमी न ऐकता झोपली, असे ती सांगते.

आता कोणी म्हणेल, घरच बदलायचे होते तर गाडीशिवायही बदलता आले असते. आले असते, यात शंका नाही. पण बदलले नव्हते. मध्यमवर्ग गरजेसाठी हात पसरत नाही, सोसतो. गरज जुनी झाली की तिची सवय होते. इच्छा मात्र नवी असते आणि हट्टी असते; ती बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालायला लावते. हा काही कर्ज काढून मोटारी घेण्याचा सल्ला नव्हे. भाच्याने एक रुपया उसना घेतला नाही, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. ज्याच्या घरात आजारपण आहे किंवा डोक्यावर हप्ते आहेत, त्याने विंचवापासून दूरच राहावे. नांगी दोन्हीकडे चालते.

पण ज्या घरात एखादा तरुण रोज लोकलच्या दारात उभा राहून काही जमवतो आहे, त्याला ‘हे कशाला हवं?’ असे विचारण्याआधी ‘ते ठेवशील कुठं, पोसशील कसं?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते. दुसऱ्या प्रश्नाने ते हिशेबाला बसते, आणि हिशेबाला बसलेल्या माणसाची फार काळजी करावी लागत नाही.